फितवाली आणि तिचा बुधवारचा वर्ग

आमच्याकडे राहून गेलेल्या माणसांत तोंडावर खरं बोलणारं माणूस एकच. बाकीचे सगळे जाताना "काकू, अगदी घरच्यासारखं वाटलं" म्हणतात, आणि मागून खोलीत जाऊन बघावं तर ओला टॉवेल गादीवर आणि समुद्राची वाळू पार उशीपर्यंत. मीसुद्धा हात जोडून "पुन्हा या हां नक्की" म्हणते, आणि मनात म्हणते, आता थोडे दिवस दुसरीकडे जा रे बाबांनो. धंदाच असा आहे. दिवेआगरात घराला घर लागून पाहुण्यांच्या खोल्या झाल्यात, गोड बोलल्याशिवाय चूल पेटत नाही. अशा घरात ही बया येऊन पडली.

एस्टोनियाची. हा देश कुठे आहे ते तिने मला नकाशावर दाखवलं, तर तिने बोट उचलल्यावरच तो दिसला, एवढासा. पोरगी मात्र लांबलचक. पडवीच्या वाशावर रोज कपाळ आपटायची. आपटलं तरी ओरडणं नाही की काही नाही, वाशाकडे बघून मान हलवायची, जणू त्याचीच माफी मागतेय. वर्षभर इथे शिकायला आली होती. विषय काय, तर वादळात आडव्या झालेल्या नारळ-पोफळीच्या वाड्या परत कशा उभ्या राहतात. आमची निम्मी वाडी त्या वादळाने नेली होती, नवी रोपं आता कुठे कमरेएवढी झाली होती. मी म्हटलं, "बाई गं, आम्ही उभ्या करतो म्हणून राहतात. यात शिकायचं काय?" तर म्हणाली, "कसं करता ते मला माहीत नाही, म्हणून विचारते." हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेत बडबडले असते.

मराठी ती पुण्यात शिकली होती, पुस्तकातली. "मी स्नान करून येते" असं म्हणायची. आधी तिला पुण्यातच एका घरी ठेवलं होतं. तिथल्या बाईंनी हौसेने विचारलं, कसं वाटलं आमचं घर? हिने सांगितलं, "अंधार आहे, आणि सगळे एकमेकांवर रागावलेले आहेत." झालं! आठवड्याच्या आत त्यांनी तक्रार केली आणि हिची बॅग दाराबाहेर. तिच्या विद्यापीठाने तिला बजावलं, आता दुसऱ्या घरूनही तक्रार आली तर सरळ परत यायचं. म्हणजे वर्ष वाया, वाड्यांचा अभ्यास अर्ध्यात, सगळंच मुसळ केरात.

हे मला कुणी सांगितलं? तिनेच. पहिल्या दिवशी, दारात उभी राहून, बॅग खाली ठेवायच्या आधी. मी म्हटलं, "अगो, असं आपणहून कुणी सांगतं का?"

"तुम्हाला कळायला हवं ना," म्हणाली, "कोण राहायला आलं आहे ते."

आमच्या ह्यांनी तेवढ्यात तिची बॅग उचलून आत नेली. हे बोलतात कमी, पण असं काहीतरी करून मोकळे होतात.

गावाने तिला फितवाली करून टाकलं. ज्या झाडांचा अभ्यास करायचा त्यांना ती फिती बांधायची. वादळातून वाकून का होईना पण वाचली त्यांना लाल, नव्याने लावलेल्यांना निळी. आमच्या वाडीत बांधल्या, शेजारच्यांच्या वाड्यांत बांधल्या, सगळ्यांची परवानगी घेऊन. पण खोताच्या आळीतल्या बायकांना वाटलं, गोरी बाई नवस बोलतेय. एका लाल फितीच्या पोफळीला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी कुणी फूल ठेवलं, मग एक खण आला. मला हसू आवरेना. हिला म्हटलं, सोड ती फीत, नाहीतर उद्या जत्रा भरेल. ही झाडाजवळ जाऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली, आणि फीत न सोडताच परत आली. "आता ती माझी फीत नाही," म्हणाली. "त्या झाडाचा अभ्यास आता दुसरं कुणी करतं आहे." तिने त्याच्या जागी दुसरं झाड धरलं, आणि तिकडच्या मास्तरांना तसं कळवूनही टाकलं. त्यांनी ते वाचून काय केलं असेल देव जाणे.

आता बुधवारच्या वर्गाचं सांगते. तिच्या विद्यापीठाचा नियम असा, की जो परदेशी शिकायला जाईल त्याने दर बुधवारी पडद्यावर एका वर्गाला बसायचं. वर्गातली मुलं जगभर विखुरलेली, कुणी जपानात, कुणी ब्राझीलमध्ये. शिकवायचे काय, तर दुसऱ्या देशातल्या माणसांत कसं राहावं, त्यांचं वागणं कसं समजून घ्यावं. ऐकून मी कपाळावर हात मारला. माणसांत कसं राहावं याला वर्ग? आमच्याकडे सासू ते काम फुकटात करायची!

बरं, आमच्या घरात मोबाइलला रेंज नीट कुठे येते, तर पडवीतल्या झोपाळ्यावर. त्यामुळे तिन्हीसांजेला ही लॅपटॉप मांडीवर घेऊन झोपाळ्यावर, आणि ह्यांची त्याच वेळी त्याच झोपाळ्यावर बसायची चाळीस वर्षांची सवय. हे पायाने हलकेच झोका देत राहायचे. चार-पाच वर्ग झाल्यावर तिकडच्या बाईंनी विचारलं म्हणे, तू बोटीवर राहतेस का, आम्हाला गरगरतं. हिने कॅमेरा वळवून हे दाखवले. ह्यांनी पडद्याला नमस्कार केला, आणि झोका काही थांबवला नाही.

त्या वर्गात जे शिकवायचे ते ती गुरुवारी सकाळी आमच्यावर करून बघायची. एका बुधवारी शिकवलं, की कित्येक देशांत माणसं समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, तर त्यांचा नकार ओळखायला शिका. गुरुवारी हिने ह्यांना विचारलं, "काका, मोरीचा नळ दुरुस्त करणार का?"

"करू की. बघू."

"म्हणजे नाही," ही म्हणाली. रागावून नाही हां, पास झाल्यासारखी खूश होऊन.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो नळ गणपतीपासून ठिबकत होता, मी सांगून सांगून थकले होते. दुपारी हे स्वतः पान्हा घेऊन मोरीत बसले. मी मनात म्हटलं, असला वर्ग पंचवीस वर्षांपूर्वी का नाही निघाला!

दुसऱ्या एका आठवड्यात तिला कळलं, की आपल्याकडे "कुठं चाललीस?" म्हणून विचारतात ती चौकशी नसते, नुसती ओळख दाखवणं असतं. त्याआधी ती प्रत्येकाला थांबून सविस्तर सांगायची, कुठे, कशाला, कधी परत येणार. आता तिनेही सगळ्यांना विचारायला घेतलं. एस.टी.च्या ड्रायव्हरलाही विचारलं, "कुठं चाललात?" गाडीवर ठसठशीत 'माणगाव' लिहिलेलं. तो म्हणाला, "तुला घेऊन चाललोय माझे आई, चढ लवकर." ही चढली. तिला कुठेच जायचं नव्हतं. बोर्लीपर्यंत जाऊन चालत परत आली, आणि वर म्हणते, "त्याने इतकं प्रेमाने बोलावलं, नाही कसं म्हणू?"

बोलणं मात्र तिला फारसं लागायचं नाही. त्यांच्याकडे म्हणे माणसं एकमेकांच्या शेजारी गप्प बसतात आणि त्यालाच भेटणं म्हणतात. शेजारच्या म्हातारीकडे ही रोज दुपारी जाऊन बसायची. म्हातारीची जीभ पट्ट्यासारखी चालणारी. सुरुवातीला ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली, "तुझी ती फितवाली नुसती येऊन बसते हाय. बोलत न्हाय, चालत न्हाय. मला बाई भ्या वाटतं." महिन्याभराने तीच म्हातारी कुंपणावरून हाका मारतेय, "अगो, आज आली न्हाय ती? माझं पुरतं ऐकून घेणारी तेवढीच एक हाय. तुम्ही सगळ्या मेल्या मधीच तोंड घालता." तिच्याकडूनच हिने हाय-न्हाय उचललं, आणि ते पुण्याच्या मराठीत कालवलं. "मी भोजन केलेले न्हाय," असं म्हणाली की ह्यांना ठसका लागायचा.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण तिच्या खरं बोलण्याने माझा काय जीव खाल्ला ते आधी ऐका. "खरं सांगू?" एवढं म्हणून ती थांबायची, आणि तेवढ्यात मी आजूबाजूला कोण ऐकतंय ते बघून घ्यायची. खरं सांगू, आमटीत मीठ जास्त आहे. खरं सांगू, ही साडी तुम्हाला चांगली दिसत नाही. एका रविवारी सकाळी तर तिने कहर केला. मुंबईची मंडळी उतरली होती, जेवणाचं विचारत होती. त्यातल्या गृहस्थांनी सहज विचारलं, सुरमई आजचीच ना? मी "व्हय तर" म्हणायला तोंड उघडलं, तोवर ही मागून म्हणाली, "खरं सांगू? काल दुपारची आहे. बर्फात ठेवली होती. पण चांगली आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मंडळी हसली, जेवली, अगदी बोटं चाटून जेवली. पण मी ते बघायच्या मनःस्थितीत नव्हते. स्वयंपाकघरात नेऊन तिला अशी झाडली म्हणता! "माझा धंदा बुडवायला आलीस का गो? तोंडाला कुलूप घाल, नाहीतर मी घालते." ती ऐकून घेत राहिली.

आणि नेमकं त्यानंतरच्याच बुधवारी तिच्या वर्गाच्या बाईंनी मला पडद्यावर बोलावलं. यजमानांशी बोलायचा त्यांचा रिवाज. पांढरे केस, लाल चौकटीचा चष्मा. त्यांचं इंग्रजी मला कळायचं नाही म्हणून मध्ये दुभाषी होते, पुण्याचे एक गृहस्थ, गळ्यापर्यंत बटण लावलेले. बाईंनी विचारलं, मुलगी कशी राहते? काही त्रास?

मला खरं तर म्हणायचं होतं, न्या बाई हिला, हात जोडते. पण पाहुण्याचं वाकडं बोलायचं नसतं, ते अंगात मुरलेलं. मी पदर सावरून म्हटलं, "फार गुणाची पोर आहे हो. काही म्हणून त्रास नाही. शांत, हुशार, आल्यापासून घराला शोभा आली." बाई खूश झाल्या. तक्रार नाही, म्हणजे पोरगी राहिली.

पडदा बंद झाल्यावर ही मला म्हणते, "रविवारी तुम्ही म्हणालात मी धंदा बुडवणार. आज म्हणालात मी गुणाची. खरं कोणतं?"

"बाहेरच्या माणसांबद्दल असंच बोलायचं असतं."

"मी बाहेरची?"

"मग? माझ्या पोटची आहेस का?"

तिने जरा विचार केला. "नाही," म्हणाली, आणि वाडीत शिंपण करायला निघून गेली. टोमणा नाही, रुसणं नाही. विचारलं त्याचं उत्तर दिलं, बस. मलाच मग जेवण गोड लागेना.

थंडी सरताना माझ्या पायात शिंपल्याची कपची गेली. मला साखरेचा त्रास, आणि पाहुण्यांचा मोसम जोरात. फडकं बांधून मी कामाला लागले. रोज कुणी ना कुणी विचारायचं, मी फडकं जरा सरकवून दाखवायची, आणि सगळे म्हणायचे, "सुकतंय की, होईल बरं." हे म्हणायचे, "उद्या जाऊ माणगावला." बायका म्हणायच्या, हळद लाव. सगळ्यांचं बोलणं मला हवंच होतं, म्हणून मीही मानत होते.

ही एका सकाळी आली, जमिनीवर गुडघे टेकून बसली, फडकं पार सोडलं, आणि वाकून वास घेतला. जखमेचा वास! मी पाय मागे घेतला, "ईऽ, काय करतेस?"

"खरं सांगू? कुजतंय. चला."

"उद्या," मी म्हटलं.

"उद्या म्हणजे नाही. मला माहीत आहे." रस्त्यावर जाऊन तिने रिक्षा आणली, दारात उभी केली आणि स्वतः आत बसली. "तुम्ही याल तेव्हा जाऊ. तोवर मी इथे बसते." मी नाक उडवून आत गेले. म्हटलं, कंटाळेल. कुठली कंटाळतेय! ऊन चढलं, रिक्षावाला शिव्या घालायला लागला, ही ताठ बसलेली, घामाने निथळतेय, नाक लालबुंद. शेजारची म्हातारी कुंपणावरून ओरडली, "जा गो बाय, न्हायतर ती तिथंच वाळंल." शेवटी मलाच लाज वाटून मी चपला घातल्या, हेही मागोमाग रिक्षात चढले.

माणगावच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि माझ्याऐवजी ह्यांच्यावरच खेकसले. अजून थोडे दिवस काढले असते तर बोट काढावं लागलं असतं म्हणाले. मी टेबलावर पडून भिंतीकडे तोंड केलं. अख्खं गाव माझ्याशी गोड बोलत होतं आणि माझा पाय सडत होता. एकटी ही कडू बोलली म्हणून मी आज दोन पायांवर चालतेय. तेव्हापासून ती मला आवडायला लागली, हे मी कबूल करून टाकते. आवडायला लागली म्हणजे किती, तर ती समुद्रावर गेली की परत येईपर्यंत माझं लक्ष लागायचं नाही.

पुढे मला महिनाभर पाय वर ठेवून पडून राहायला सांगितलं. मुलगा आणि सून पनवेलला नोकरीत, ते दोन दिवस येऊन गेले. मग घर कुणी चालवलं? ह्यांनी आणि तिने. ती भात करपवायची, चपातीचा नकाशा करायची, पाहुण्यांना वाढताना सांगायची, "खरं सांगू? भाजी मी केली आहे, काकूंनी नाही. थोडी घ्या आधी." त्यातल्या कुणीही तक्रार केली नाही. त्या सुरमईवाल्या गृहस्थांनी फोन करून परत खोली मागितली, आणि विचारलं काय, "ती मुलगी आहे ना अजून? मग येतो. मासे कधीचे ते तरी कळेल."

या सगळ्यात तिचे बुधवार बुडाले. संध्याकाळी पाहुण्यांच्या जेवणाची गडबड, झोपाळ्यावर बसायला वेळ कुणाला? तिकडून विचारणा झाली, वर्गाला का येत नाहीस? दुसरं कुणी असतं तर आजारपण सांगितलं असतं, रेंज नाही म्हणालं असतं. हिने कळवलं, "स्वयंपाक आणि भांडी होती." एवढंच! आता तिकडच्यांनी काय समजावं? शिकायला पाठवलेल्या मुलीला यजमानीण मोलकरणीसारखी राबवतेय. त्यांनी बुधवारी मला पुन्हा पडद्यावर बोलावलं. सगळं ठीक वाटलं नाही तर मुलीला तिथून काढून थेट मायदेशी पाठवायचं ठरलं होतं, हे हिनेच मला सांगितलं. नव्या रोपांचं तिचं काम पावसाच्या तोंडापर्यंत चालायचं होतं. मध्येच गेली असती तर सगळं मातीत.

त्या सकाळी तिच्या खोलीत डोकावले तर बॅग भरून ठेवलेली.

"हे काय गो?"

"नाही म्हणाले तर घाई नको व्हायला."

मी स्वतःलाच बजावलं. म्हटलं, आज नीट बोलायचं हां, तोंड सांभाळून.

आणि काय झालं ऐका. संध्याकाळी झोपाळ्यावर आम्ही तिघं. ह्यांना दम दिलेला, पाय जमिनीवर ठेवा. पडद्यावर लाल चष्म्याच्या बाई, दुसऱ्या चौकोनात पुण्याचे गृहस्थ. बाईंनी विचारलं, मुलगी कशी आहे, सांगा. पायाचं झाल्यापासून कुणी मला तिच्याबद्दल विचारलंच नव्हतं. माझं जे तोंड सुटलं!

"काय सांगू बाई तुम्हाला! एक काम धड येत नाही पोरीला. भात ठेवला की करपवला. भांडी घासली की कडेला खरकटं तसंच. उन्हातान्हात बोडक्याने वाडीत फिरते, नाक बघा कसं सोलून निघालंय, टोपी घाल म्हटलं तर ऐकेल तर शपथ. जेवायला हाका मारून घसा बसतो माझा. चार माणसांत काय बोलावं याचा पोच नाही. आणि हट्टी? एकदा बसली की बसली, ब्रह्मदेव आला तरी उठायची नाही. कसं व्हायचं हिचं पुढे, मला तर घोर लागून राहिलाय."

मी दम घ्यायला थांबले. मला वाटलं, झकास बोलले. पुण्याचे गृहस्थ घसा साफ करून इंग्रजीत सांगायला लागले, आणि जसजसे सांगत गेले तसतसा त्या बाईंचा चेहरा पडत गेला. मग त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"बाई विचारतात," गृहस्थ मला म्हणाले, "की ही सगळी कामं तुम्ही तिला करायला लावता का? आणि ती तुम्हाला इतकी नकोशी झाली असेल, तर या आठवड्यातच तिची परत जायची व्यवस्था करतो."

मी पडद्याजवळ सरकले. "नकोशी? कुणी म्हटलं नकोशी? अहो, तुम्ही त्यांना सांगितलंत तरी काय?"

"तुम्ही म्हणालात तेच. शब्दन् शब्द."

"शब्द काय सांगता! मी काय म्हणाले ते सांगा!"

"हे बघा बाई, मी दुभाषी आहे. बोललं जाईल तेवढंच पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही."

हे पुण्याचे! आपली मराठी माणसं! स्वतःच्या पोरीची चार परक्यांत स्तुती करतं का कुणी? पण भांडायला वेळ नव्हता. मी घाईघाईने सूर बदलला, "बरं, मग हे सांगा. फार गुणाची पोर आहे हो. काही म्हणून त्रास नाही. शांत, हुशार..."

तिने माझा हात धरला. "काकू, ते नको."

"गप बस. शिक्षण जाईल तुझं."

"जाऊ दे. ते नको बोलू. ते पाहुण्यांचं आहे."

मग ती पडद्याकडे वळून इंग्रजीत बोलली. सावकाश, एकेक शब्द मांडून, नेहमी बोलते तशी. मला एक अक्षर कळत नव्हतं. गृहस्थांनी मला सांगितलं, "ती म्हणते आहे, पहिल्या वेळी यांनी माझं कौतुक केलं तेव्हा मी यांची कुणी नव्हते. परक्या माणसाचं इथे कौतुकच करतात. आज त्या मला नावं ठेवताहेत. इथली माणसं दुसऱ्यांपुढे फक्त आपल्या माणसांना नावं ठेवतात. मी इतके महिने बघते आहे. तेव्हा आधीचं खोडा आणि आजचं लिहून घ्या. आणि भात मी खरंच करपवते."

मला हे असं कुणी कधी उलगडून सांगितलं नव्हतं. आपण करत राहतो, कशाला करतो ते कुठे ठाऊक असतं? माझ्या आईने मला आयुष्यात कधी चांगलं म्हटलं नाही, आणि मी माहेरहून निघाले की वेशीपर्यंत येऊन उभी राहायची. ते आठवलं.

बाईंचं पुरतं समाधान झालं नसावं. त्यांनी तिलाच विचारलं, मग तू सांग, तुझी यजमानीण कशी आहे? तिने उत्तर मराठीत दिलं. मला कळावं म्हणून.

"काकू कुणाचं ऐकत नाही. डॉक्टरने गोड बंद केलं, तरी डब्यातल्या वड्या खाते आणि उंदराचं नाव सांगते. औषध घेतलं म्हणते, घेतलेलं नसतं. पाय वर ठेव म्हटलं की तिला भांडी आठवतात. काकांना दिवसभर ओरडते आणि मग चांगला तुकडा त्यांच्याच ताटात घालते. मी समुद्रावर गेले की दारात उभी राहते, आणि मी आले की म्हणते, मी तर वाळवण काढत होते. वाळवण घातलेलंच नसतं."

"खरं हाय, खरं हाय," ह्यांनी झोपाळ्यावर थाप मारली.

मी आधी भडकलेच. कुठल्या कुठल्या देशातल्या बाईपुढे माझी अशी शोभा! उंदराची भानगड तर ह्यांनाही माहीत नव्हती. तोंड उघडलं तिला झापायला, आणि तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, पेपर टाकून निकालाची वाट बघावी तशी. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं, ही काय बोलली ते. रडूच फुटलं मला. पडद्यासमोर, पदर तोंडाला लावून, चांगली हमसून रडले.

गृहस्थ आपलं सांगत होते, शब्दन् शब्द. वाळवणाशी येऊन जरा अडखळले.  बाईंनी चष्मा काढला आणि थोडकंच काहीतरी म्हणाल्या.

"बाई म्हणतात, मुलीला इथेच राहू दे. वर्ष पुरं करू दे."

"राहू दे म्हणजे?" मी डोळे पुसत म्हटलं. "जाणार होती कुठे! आणि तू गो, बघत काय बसलीस? चहा टाक जा सगळ्यांना." ती उठून आत गेली. तिची पाठ वळलेली बघून मी गृहस्थांना म्हटलं, "अहो, हेही सांगा त्यांना. चहासुद्धा येत नाही हिला. नुसतं गरम पाणी करते मेली."

गृहस्थांनी सांगितलं. पण अगदीच एवढंसं सांगितलं. तिकडे त्या बाईंनी छातीवर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला शंका आली.

"काय सांगितलंत तुम्ही?"

त्यांनी गळ्याचं बटण चाचपलं, माझ्याकडे बघायचं टाळलं, आणि म्हणाले, "सांगितलं, की यांची लेक आत चहा करायला गेली आहे."

मी काही त्यांना दुरुस्त करायला गेले नाही.